पाच दिवसांचा महिना

दुष्काळात तेरावा महिना, असं आमच्याकडे म्हणतात.
इथे तो दरसाल येतो.
पागुमे त्याचं नाव, पाच दिवसांचा,
बाराही महिन्यांना तीस-तीस वाटून झाल्यावर
देवाच्या मुठीत उरलेली मोड.

मी वोल्दियाच्या शाळेत गणित शिकवतो,
मला हा हिशेब पटतो.
वर्कनेश, जिच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहतो,
म्हणते, हिशेब कसला, सवलत आहे ती.
बारा महिन्यांत माणसाचं आवरत नाही
हे त्याला ठाऊक आहे.

पाचही दिवस ती उपास धरते.
पहाटे पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन
अब्बा झेरीहुनकडे जाते, पाप सांगायला.
अडतीस वर्षं एकच पाप.
अब्बांना आता कमी ऐकू येतं,
लांबूनच हात वर करतात: तेच ना?
तेच, ती म्हणते.
ते क्रूस पुढे करतात, ती ओठ टेकते,
आणि तेच घेऊन परत येते.

मला तिने कधी सांगितलं नाही.
देसालेनने सांगितलं, तिच्या धाकट्याने,
घराच्या गळक्या पत्र्याबद्दल सांगावं तसं:
त्यांच्या पंचांगातल्या सत्त्याहत्तरचा दुष्काळ,
जाऊ दारात उभी, कडेवर पोर.
आई म्हणाली, काही नाही गं घरात.
पाठीमागे चुलीच्या राखेत पुरलेला
हरभऱ्याचा गडू.
पोर जगलं. आता ट्रक चालवतं.
पण येशिमबेतकाकू तेव्हा आईकडे बघतच नव्हती म्हणे,
राखेकडे बघत होती.

पागुमेचा तिसरा दिवस राफाएलचा.
आभाळाचं दार उघडतं या दिवशी,
पाऊस पडला तर धुऊन नेतो, म्हणतात.
पडला. तीन महिने कोसळून दमलेला,
निरोपाचा, बारीक.
पोरं उघडीवाघडी नाचली,
शेजारणींनी परातीत पाणी धरलं, पिठात घालायला.
वर्कनेश उंबऱ्यातच.
मला वाटलं, आता उतरेल अंगणात.
तिने नुसता हात बाहेर काढला,
ओला तळवा तोंडावरून फिरवला
आणि आत जाऊन माप शोधू लागली.

माप म्हणजे दूधपावडरचा डबा,
तेव्हा मदतीत आलेला, अक्षरं पुसलेला.
हरभरे भरताना ती पुटपुटली: एक.
आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला
एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात,
हे तिला सांगावंसं वाटलं.
माझ्या मोडक्या अम्हारिकमध्ये जमलं नाही.

ओढ्याला पाणी होतं. पिशवी मी घेतली, ती पुढे.
पलीकडच्या उतारावर अदेय फुलली होती,
पिवळी, कुणी न पेरलेली,
जनावरंही तोंड लावत नाहीत तिला.
येशिमबेत कोंबड्या हाकत होती.
वर्कनेशने तोंड उघडलं.
अब्बांसमोर घासून घासून गुळगुळीत झालेलं वाक्य
नेमकं तिथेच आठवेना.
हे, ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली.
हे तेव्हाचं.

येशिमबेतने मूठभर घेतले,
एक दाणा दाढेखाली फोडला.
भिजवले नाहीस, म्हणाली,
आता शिजायला रात्र होईल.
मग मला, परक्याला: बस रे.
आणि स्टूल मात्र वर्कनेशकडे सरकवलं.

तिन्हीसांजेला उपास सुटला.
इथे कॉफी एकाच चुऱ्यावर तीनदा उकळतात,
पहिली कडू, तिसरी जवळजवळ पाणी.
त्या तिसरीला बराका म्हणतात,
आपल्या बरकतीची सख्खी बहीण.
दुसऱ्या कपापर्यंत कुणी बोललं नाही.
तिसऱ्याला दोघी भांडू लागल्या,
त्या वर्षी मेलेल्या बैलावरून,
त्याचं डावं शिंग मोडकं होतं की उजवं.

मार्काचं वर्ष सरून लूकाचं लागणार होतं.
चुलीवर हरभरे खदखदत होते, अजून टणक.
दोन दिवस शिल्लक होते.