शून्य पूर्णांक नऊ

गावाचं नाव वॉलनट, इलिनॉय.
अक्रोडाचं झाड मला अजून दिसलेलं नाही.
चहूकडे मका, डोक्यावरून हातभर.
ऑगस्टात मकाही घामेजतो म्हणतात इथे,
आणि तो घाम हवेत तसाच उभा राहतो.

मी वैद्यकीय तंबूत. खाट एक,
बर्फाची पेटी, सलाइनच्या बारा पिशव्या,
आणि खांबाला सुतळीनं बांधलेला नियम:
दोन शर्यतींच्या मधे शिरेत सुई गेली
तर दुसऱ्या शर्यतीला गाडी नाही.
तोंडानं प्या हवं तेवढं.

कॉय हेन्सगन चौथा आला,
आणि गाडीवरून उतरताना
जमीन होती तिथे त्याला सापडली नाही.
वय सतरा. हेल्मेट काढलं तर डोक्यातून वाफ,
भाताच्या पातेल्यासारखी.
त्याची आई डार्ला लोणच्याच्या बरणीतलं
खारं पाणी घेऊन आली, काकड्या तळाशी तशाच.
तो प्यायला. तिसऱ्या मिनिटाला सगळं माझ्या बुटांवर.
पुन्हा प्यायला. पुन्हा.
"सुई नको," म्हणाला, "बर्फ दे. सुई नको."

मिरजेत मी शिकले त्या दवाखान्यात उलटं होतं.
बाजारच्या दिवशी धडधाकट माणसं येत, दंड पुढे करत:
बाई, एक बाटली चढवा, अंगात जोर नाही.
गोळी दिली तर तोंड वाकडं.
बाटली टांगली, पहिला थेंब पडला,
की निम्मे तिथेच बरे.
असतं काय त्यात? मीठ. शंभरात शून्य पूर्णांक नऊ,
आमटीत घालतो त्याहून जरा कमीच.

दोरीपलीकडे प्रुइटची बस, काळ्या काचांची.
प्रुइट पहिला आला होता, आणि उतरला तेव्हा
ओठ राखेसारखे. हे मी पाहिलं.
मग एक माणूस आत गेला निळी पेटी घेऊन,
जसं कुणी डबा घेऊन जेवायला जातं.
पाऊण तासानं प्रुइट बाहेर: गाल लाल,
काहीतरी चघळत, जर्सीची बाही मनगटापर्यंत.
झोपला असेल. एसीत झोपलं तरी तरतरी येते.
बाही वर करून बघायचा अधिकार
माझ्या कागदावर नाही.

डेलला सांगितलं. डेल इथला पंच, तीस वर्षं.
"सुई पाहिलीस?"
नाही.
"मग एसीला बंदी नाही."
नियम त्यानंच लिहिलेला. एका उन्हाळ्यात म्हणे
एका पोराला दोन पिशव्या चढवून
पुन्हा गाडीवर बसवलं होतं.
त्या पोराचं पुढे काय झालं विचारलं
तर डेल टोपी नीट करतो.

कॉयनं मला नाव विचारलं. सांगितलं.
मग परत विचारलं.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी
काखेत बर्फ कोंबला, दंडाला पट्टा बांधला.
तो रडला. डोळ्यांत पाणी आलं नाही,
तेवढं शिल्लकच नव्हतं.
डार्ला म्हणाली, लाव. आणि पाठ फिरवून
बरणीचं झाकण फिरवत राहिली, घट्टच होतं ते.

दुसरी शर्यत सुटली. तंबूचं कापड थरथरलं,
पिशवीतलं पाणीसुद्धा.
तासाभरात भानावर आला, डोळे मिटून
आवाज ओळखू लागला: "हा प्रुइट.
उडीआधी थ्रॉटल सोडतो. उगाच."

मी फॉर्म भरला. पिशव्या: दोन. दुसरी शर्यत: नाही.
कारण लिहायला एवढीशी चौकट,
तीत 'ऊन' मावलं.

पाच वाजता त्यानं बरणीतली काकडी मागितली.
एक मलाही दिली.
आमटीपेक्षा कितीतरी खारट.