आधी मागचं

दीपनगरच्या चिमण्यांचा धूर आज सरळ वर चाललाय,
वारा नाही, शेहेचाळीस डिग्री,
कूलरच्या गवताला बोअरचं खारं पाणी,
आणि मी भुसावळात, जामनेर रोडच्या एका मागच्या खोलीत
स्मॉलटॉकमध्ये काच बनवतेय.

या भाषेत सगळ्याच वस्तू.
आकडा वस्तू, रंग वस्तू, खिडकी वस्तू,
हो आणि नाहीसुद्धा.
एकीने दुसरीला निरोप धाडायचा, बस.
जिला निरोप उमगत नाही ती वस्तू
सरळ सांगते, हे मला कळत नाही.
आमच्या भाऊबंदकीत इतकं सरळ कुणी नाही.

चौकोन, वर्तुळ, रेघ दोन दिवसांत झाली.
चित्रावर माऊस नेला की भोवती ठिपक्यांचं कडं उमटतं,
एका ठिपक्याला धरून उचलायचं, दुसऱ्याने वळवायचं,
तिसऱ्याने पोट उघडून बघायचं.
काच मात्र अडली.
काचेचं स्वतःचं असं काय रंगवायचं?
तिला आधी मागे विचारावं लागतं,
मागचीला तिच्या मागे,
निरोप जात जात भिंतीला टेकतो
आणि रंग घेऊन परततो.
म्हणून आधी मागचं काढायचं, मग पुढचं.
क्रम चुकला की काचेतलं झाड गायब.

क्रम बसला. रंग बसेना.
पिवळ्या दिव्यापुढे हिरवी काच,
निम्मं हिचं, निम्मं त्याचं, असा माझा हिशेब,
तर पडद्यावर शेवाळ.
हतनूरचे दरवाजे बंद असताना तापीत असतं तसलं.

मागे अप्पा उभे. निनाजी झोपे, लॅम्पमन, भुसावळ यार्ड.
एकतीस वर्षं खांबांवर चढून
सिग्नलचे दिवे पुसले, भरले, लावले.
"काय करू राह्यली वं?"
"हिरवा सिग्नल."
"असा? याच्यावर तं मालगाडीबी उभी राहीन."

पत्र्याच्या पेटीतून, पेन्शनच्या कागदांखालून
बनियनमध्ये गुंडाळलेली एक काच त्यांनी काढली,
कडेचा टवका उडालेली.
"ही घे. हिरवी."
मी ट्यूबलाइटपुढे धरली.
निळी.
"निळी आहे, अप्पा."
"हिरवी वं."
मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करताय, म्हटलं.
ते म्हणाले, आधी तुझ्या कॉम्प्युटरचं कर.

मग कूलर तेवढा बोलत राहिला.
तोही थांबला. लाइट गेली.
अंधारात डबा वाजला, काडी ओढली गेली,
शेंगदाण्याच्या तेलाची पणती,
आणि तिच्यापुढे अप्पांच्या दोन बोटांत
हिरवी!
गाडी सोडणारी, लांबून दिसणारी हिरवी.

"ज्योत पिवळी राहते. निव्वळ हिरवी काच लावली
तं डायवरले पिवळटच दिसे. म्हणून निळी."
"मग मघाशी निळी का नाही म्हणालात?"
"यार्डात तिचं नाव हिरवी."
थोडं थांबून, काजळी बोटाने पुसत,
"काच काही देत नाही बाई. अडवते.
उरलं ते डायवरचं."

वहीत चाचपडत मी निम्मं-निम्मं खोडलं,
गुणाकार लिहिला,
तांबड्याला तांबडं, हिरव्याला हिरवं, निळ्याला निळं.
बेरजेने मळतं, गुणाकाराने गाळलं जातं,
चार रात्री मी गाळणीला ओतायला लावत होते.

लाइट आली. चार ओळी बदलल्या.
पडद्यावरच्या ज्योतीवरून काच ओढत नेली,
हळू,
कडेपासून मध्यापर्यंत हिरवं भरत गेलं.
त्या वस्तूचं नाव ठेवलं हिरवी,
रंगाच्या खान्यात निळा.
मग सगळं जतन केलं. इथे एकेक फाइल नसते,
अख्खं जग एकदम झोपतं,
उघड्या खिडक्या, अर्धवट ओळी, माझ्या चुकांसकट,
आणि उद्या तिथूनच जागं होतं.

अप्पांनी पणती विझवलेली नव्हती.
खिडकीशी उभे राहून, ज्योत लांब धरून,
एक डोळा मिटून काचेतून यार्डाकडे बघत होते.
तिकडे आता एलईडी. त्यांना काच लागत नाही,
तेलही नाही, माणूसही.
काय दिसतं, विचारलं.
"पणती धर आधी. चटका बसू राह्यला."