पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस

इनास डाबरे फ्रेमवर नखाने टिचकी मारतो.
ॲल्युमिनियम : टक्.
स्टील : टण्ण...
आणि आवाज विरेपर्यंत तो काहीच बोलत नाही.
मी दिवसभर परळला लोकांचे कान तपासते.
मला अशी थांबणारी माणसं आवडतात.

"जड आहे," मी म्हणते, "दोन किलोने."
"डब्यात काय नेता?"
"भात, आमटी."
"मग भात कमी न्या."

रंग शेवाळी. वसईच्या विहिरीसारखा, तो म्हणतो.
मला तो वॉर्डातल्या पडद्यासारखा वाटतो,
पण घेते.

तेवीस मिलिमीटरचे टायर मात्र माझ्या हट्टाचे.
एकोणिसाव्या वर्षी नंदन गुप्ते
असल्याच बोटाएवढ्या चाकांवरून
मला मागे टाकून गेला होता,
आणि अठ्ठावीस वर्षं मी त्याच्या मागेच आहे
असं धरून चालले होते.

पहाटे साडेपाच, माहीम ते वरळी. हवा एकशेदहा.
रस्त्याने मला सगळं सांगितलं.
पेव्हर ब्लॉक, एकेक करून.
गटाराच्या झाकणावरची अक्षरं.
प्रभादेवीला खणून घाईत बुजवलेला चर,
काँक्रीटचा प्रत्येक सांधा : मनगट, कोपर, अक्कलदाढ.
सेंच्युरी बाजारपर्यंत तळहात बधिर.
माझ्याकडे अशी माणसं येतात,
यंत्रांशेजारी जन्म गेलेली,
सगळं ऐकून ऐकून
ऐकणंच संपलेली.

"टायर रुंद घालू," इनास म्हणाला, "आणि हवा कमी."
"हळू होईल ना?"
"हळू वाटेल. घड्याळ लावा."
लावलं.
चार सेकंद लवकर पोचले
आणि मला थोडा रागच आला.

फोर्कमध्ये करंगळी घालून तो जागा मोजतो.
पुढे अठ्ठावीसच बसेल. मागे बत्तीस.
"विजोड दिसेल."
"वजन मागे असतं बाई. तिथे गादी हवी.
हातांना थोडं कळलं तर पाहिजे ना?"
मग अंगठ्याने टायर दाबून बघतो, आईने कणीक बघावी तसा,
गेज भिंतीवर टांगलेला असून.

आता सी फेस. उजवीकडे ओहोटी, काळे खडक,
कोणीतरी कुत्र्याला नावाने रागावतंय.
चाकाखाली रस्ता आहे, पण ओरडत नाही.
वाळू, खडी, भिजलेला पुठ्ठा,
बुजवलेल्या खड्ड्याची कड,
बारीक आवाजात, लागेल तेवढंच.

केबिनमध्ये काचेपलीकडून मी रोज सांगते :
ऐकू आलं की बोट वर करा,
अगदी पुसट असलं तरी.
लोक डोळे मिटतात, श्वास धरतात,
काही जण न ऐकताच वर करतात, मला बरं वाटावं म्हणून.

पुढे कुठेतरी काँक्रीट संपून डांबर लागतं.
फरक एवढासा.
हँडलवरून माझं एक बोट
वर.