मानशीवरची पेटी

“बाय गो, तुजी पेटी परत न्हिदली,”
चोडणहून कायतानचा फोन.
खरं तर उलट. ती झोपलीच नव्हती,
म्हणून तर मेली.

तासातून दोन सेकंद जागं व्हायचं,
मानशीच्या आतलं पाणी चाखायचं,
किती खारट ते टिपून ठेवायचं
आणि डोळे मिटायचे. एवढंच काम.
दोन पेन्सिल सेल दोन वर्षं सहज पुरावेत.
पुरले सव्वीस दिवस.

रायबंदरला टेबलावर पेटी उघडली.
मीटर लावला, तिला झोपवलं,
काटा शून्याशी टेकायला हवा होता;
तो तीन मिलीअँपिअरवर बसून राहिला
पडवीत बसलेल्या माणसासारखा, उठायचं नावच नाही.

सर्किट माझंच. चार वर्षांपूर्वीचं.
तेव्हाची प्रोब दांडगी होती, बारा व्होल्ट खायची,
तिच्यासाठी वर एक मोठा मॉसफेट,
त्याचं गेट खाली ओढायला एक छोटा ट्रान्झिस्टर,
छोट्याला आवरायला एक रेझिस्टर, मोठ्याला सावरायला दुसरा,
आणि एक तांबडा एलईडी, निव्वळ माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून.
पुढे प्रोब बदलली. पाहुणा केव्हाच गेला,
मांडलेले पाट तसेच.

बोर्ड उलटा केला तर पाठीवर पांढुरकी साय.
बोट लावून जिभेवर टेकवलं (शिकलेल्या बाईने असं करू नये):
मीठ.
झोपी जाताना चिप आपली पिन सोडून देते,
छोट्याचा बेस मग अधांतरी,
आणि त्या खाऱ्या सायीतून
कणाकणाने कोणीतरी त्याला पाजत राहतं.
ना जागा, ना झोपलेला.
अर्ध्या डोळ्याने तो मोठ्याचं दार किलकिलं धरून बसतो
आणि सगळी बॅटरी त्या फटीतून वाहून जाते.

इलाज सोपा होता. अजून एक रेझिस्टर,
बेसपासून ग्राउंडपर्यंत, शंभर किलोओहम, वीस पैशांचा.
सोल्डरिंग आयर्न तापलेलं. रेझिस्टर चिमट्यात.

का कोण जाणे, पेटी बसवायला गेले होते तो दिवस आठवला.
भरती चढत होती. मी विचारलं होतं,
रात्री हे दार लावायला कोण येतं?
कायतान विडी विझवत हसला.
“उदक.”

चिमटा खाली ठेवला.
नव्या प्रोबचा कागद काढला, जो मी कधी नीट वाचलाच नव्हता.
तीन व्होल्ट. तीन मिलीअँपिअर.
चिपची एक पिन वीस देते, हसत देते.
म्हणजे मधे कोणीच नको होतं.

मोठा काढला. छोटा काढला.
रेझिस्टर काढताना एकाचा पाय तुटला, चालायचंच.
एलईडी सगळ्यात शेवटी.
एक तार, पिनेपासून प्रोबपर्यंत.
बोर्ड घासून, वाळवून, लाखेचा हात दिला.
मीटरने दोन मायक्रोअँपिअर दाखवले
आणि मी बॅटरी सुटली की काय म्हणून दोनदा तपासून पाहिलं.

शुक्रवारी फेरीबोटीने पेटी परत नेली.
ओहोटी होती, मानशीचं दार उघडं,
कोरगुटाच्या शेतातलं पाणी नदीकडे निघालेलं.
खिळ्याला पेटी टांगली. कायतान बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, “तांबडो दिवो खंय गेलो?”

काढला, म्हटलं.

“सगळी रात मिणमिणतालो.
बाल्कांवातल्यान दिसतालो म्हाका.”

त्याला कसं सांगू,
तीच ती फट होती;
तो जे राखण समजत होता
तोच आजार होता, पहिल्या रात्रीपासून डोळ्यांसमोर.
एवढंच म्हणाले, तो बॅटरी पीत होता, कायतान.

“कितली?”

थोडीशी.

त्याने पाण्याकडे पाहिलं.
“थोडी पियेता जाल्यार पिऊं दी गो.”

मी काही बोलले नाही.
पेटी तिथे होती, काळी, चिडीचूप,
आणि पुढच्या चाखणीला अजून चाळीस मिनिटं होती.