सगळ्यांना बाहेर काढ

कार्ड ऑर्फाच्या अक्षरातलं. कोपऱ्यावर लोण्याचा डाग.
साखर पावणेचार कप, कॉर्न सिरप दीड, पाणी एक.
उकळी आली की ढवळू नकोस,
या वाक्याखाली दोन रेघा,
जणू लिहिताना समोर मीच उभा होतो.
दालचिनीच्या तेलापुढं माप नाही.
एवढंच : सगळ्यांना बाहेर काढ.

एकेचाळीस डिसेंबर मी त्या सगळ्यांत होतो.
पोरांना ब्लँकेटात गुंडाळून ओसरीवर,
थॉर्नीचं नाक गळतंय, मार्ला काचेवर बोटानं घोडा काढतेय,
मी सिगरेट पेटवून म्हणायचो, तुमची आई आत भूत उतरवतेय.
खिडकी वाफेनं पांढरी.
मग दार उघडायचं, वास थेट कपाळात जायचा,
आणि टेबलावर पिठीसाखरेत लोळवलेले लाल तुकडे,
तयार.
मला वाटायचं, ते असंच होतं.

औषधवाल्या हॅस्केलनं काउंटरखालून बाटली काढली,
करंगळीएवढी.
या वर्षी कोण करतंय, त्यानं विचारलं.
मीच, म्हटलं.
सुट्टे पैसे मोजायला त्याला फार वेळ लागला.

थर्मामीटरचा पारा दोनशेवीसवर अडून बसलेला,
म्हणून वाटीत गार पाणी घेतलं.
थेंब सोडला : तार.
थांबलो.
थेंब सोडला : मऊ गोळी, बोटांत चपटी होणारी.
थांबलो.
थांबणं मला येतं. खाणीत छत बोलतं,
बोलायचं बंद झालं की जास्त ऐकायचं.
पाकही तसाच. आधी बुडबुड्यांची लहान पोरांसारखी घाई,
मग ते जड होतात, एकेक, विचार करून फुटतात.
पुढचा थेंब पाण्यात पडला आणि
टिच्च.
काचेसारखा तडकला.

आता बाहेर काढायचं.
घरात होतं कोण?
डेप्युटीला काढलं. तो शेपूट न हलवता गेला
आणि जाळीच्या दारातून बघत बसला,
बरोबर माझ्या जागेवरून.

बाटली उलटी केली. सगळीच.
पातेल्यातून जे उठलं त्याला वाफ म्हणत नाहीत.
डोळे मिटायच्या आत डोळ्यांत होतं,
घशात, कानांच्या मागं.
तेहतीस वर्षं कोळशाची धूळ खाल्लेला मी
सिंकची कड धरून वाकलो, धार लागली डोळ्यांना,
आणि पुसायला हात नेला तर हातालाही तेच तेल.

ती दार उघडायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे.
मी म्हणायचो, शेगडीची धग.
म्हणायचो कसला, मनात समजून घ्यायचो
आणि पहिला तुकडा उचलायचो.

रडत बसायला पाक वेळ देत नाही.
पत्र्यावर ओतला की कडेकडून गोठत येतो,
डबक्यावर बर्फ धरावा तसा.
तिची गोधडीची कात्री घेतली,
जिनं कुणी कागद कापला तर ती महिनाभर बोलायची नाही.
माफ कर.
बोटांना लोणी फासून पट्ट्या कापल्या, पट्ट्यांचे तुकडे,
दोन फोड आले, तिसरा येतोय.
मधला भाग हाताखालीच दगड झाला.
तो हातोडीनं फोडला. काही ठिकऱ्या फडताळाखाली गेल्या,
राहू देत.

टपाल घेऊन वर्लीन आली, तिला बरणी उघडून दिली.
एक तोंडात टाकला. गप्प झाली.
तेल जास्त झालंय, क्लेटस.
हो, म्हटलं.
तिनं आणखी एक घेतला
आणि डोळे पुसत गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी पेन्सिल शोधली.
तेलापुढं कार्डावर जागा होती, माप लिहिणार होतो,
अर्धी बाटली पुरे, असं काहीतरी.
पेन्सिल टेकवून बसलो होतो
तेवढ्यात दार खरवडल्याचा आवाज आला.

डेप्युटी.
त्याला आत घ्यायचं राहूनच गेलं होतं.
पाठीवर बोटभर बर्फ.