उजवा बूट

सेतूबलच्या नगरवाचनालयात
मी बक्षीसपात्र कविता वाचली तेव्हा
पहिल्या रांगेत आई बसली होती,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

कवितेत बाप समुद्रात गेला होता.
एका ओळीत लाट, दुसरीत रिकामी होडी,
शेवटी वाळूत रुतलेला एकच बूट.
बुटापाशी लोकांनी डोळे पुसले.
एका परीक्षकाने तर चष्माच काढून ठेवला.

बसमध्ये आई गप्प.
तिसरा थांबा गेल्यावर, काचेकडे बघत म्हणाली,
"एव्हारिश्तूला पोहता येत नव्हतं.
होडीत पाय ठेवला की मळमळायचं त्याला.
ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं.
बाप सार्डिनच्या कारखान्यात कारकून होता.
डब्यांची झाकणं मोजायचा, एकतीस वर्षं.
घरीही, सूप निवेपर्यंत,
टेबलावर बोटं वाजवत राहायचा
पन्नासाची एक चळत, पन्नासाची दुसरी.
बोटांवर पत्र्याचे बारीक चरे,
लिंबू पिळताना तेवढे झोंबायचे.

मेला तो साखरेच्या आजाराने,
फेब्रुवारीत, इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर.
आधी अंगठा गेला, मग पाऊल.

"बूट तेवढा खरा आहे," आई म्हणाली.
"पण वाळूत नव्हता. पलंगाखाली होता.
डावा त्याच्याबरोबर पेटीत गेला.
उजवा नवाकोरा. विकायला नेला, तर दुकानदार हसला,
म्हणाला, बाई, एक कोण घेणार?"

बक्षिसाच्या पैशांतून मी फ्रीज घेतला होता.
त्या रात्री त्याची मोटर गुरगुरत राहिली
आणि मी स्वयंपाकघरात बसून लिहायला घेतलं
पलंगाखालून.

लिहिलं, "पलंगाखाली बूट",
आणि लगेच मान तिरकी करून पाहिलं,
कसं दिसतंय.
ही खोड जात नाही.
खरं बोलायला तोंड उघडावं
आणि आधी आरशात बघावं, तसं.

खोडलं. पुन्हा लिहिलं.
पहाटे कधीतरी ती ओळ आली
जी मला यायला नको होती.
शेवटचे अकरा दिवस मी चौथ्या मजल्यावर गेलेच नाही.
कामं होती, असं सांगितलं.
कामं नव्हती. वास होता.
पायाचा तो वास
मला जिन्यातच गाठायचा.

कवितेतल्या समुद्राला वास नसतो.
म्हणून मी त्याला तिकडे धाडला.
बाप दाखव म्हटलं
तर मी लाटा दाखवल्या,
आणि लोक रडले,
आणि मीही रडले, तेही खरंच,
हीच तर पंचाईत.

सकाळी कागद आईसमोर ठेवला.
तिने चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं,
अकरा दिवसांपाशी थांबली. ब्रेडचा तुकडा
कॉफीत बुडवला, विरघळेपर्यंत धरून ठेवला.
त्याबद्दल काही बोलली नाही.
मग बोट वर नेलं एका आकड्यावर.
"तेहतीस," म्हणाली. "एकतीस नाही.
शेवटची दोन वर्षं त्याने लंगडत काढली,
ती का वगळलीस?"

तेहतीस.
वर अजून बदललेलं नाही मी.
एकतीस कानाला बरं लागतं.