बारा मासे, एक तोळा

एल्सवर्थ, मेन. एप्रिल. रात्रीचे पावणेदोन.
नदीच्या काठाला अजून बर्फाची साय,
आणि मी गाडीच्या डिकीतून उतरवते आहे
सरकारी शिक्क्याची वजनं.

माझं काम एवढंच: काटा खरं बोलतो का, बघायचं.
बाकी कोण खरं बोलतं, ते माझ्या खात्यात येत नाही.

लाइल पिंकमच्या शेडमध्ये हिटर, टाक्यांची घुरघुर,
फळ्यावर खडूनं आजचा भाव:
पौंडाला अठराशे डॉलर.
काल सोळाशे होता.
"आणि उद्या?"
"तिकडे कुणाला किती भूक लागते, त्यावर," तो म्हणाला,
आणि 'तिकडे' म्हणताना त्यानं भिंतीकडे बोट केलं,
जिच्यामागे फक्त त्याची जळाऊ लाकडं रचलेली होती.

रांगेत पहिली व्हर्ना थिबोडो. सत्तरीला टेकलेली,
कमरेच्या वर रबरी बूट, कपाळावर दिवा.
तिच्या बादलीत आधी नुसतं पाणी दिसलं.
मग पाण्याला डोळे फुटले.
हजारो. खसखशीएवढे, काळे, जोडीजोडीनं.
वामाची पोरं. आत कण्याचा एक दोरा,
बाकी आरपार.

वडिलांचं सावंतवाडीत सराफी दुकान होतं.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,
हे मी बे एके बेच्या आधी शिकले.
बाहेर बाजारात वाट्यावर जायचा, तोही मासाच.
एकाला मखमल, एकाला टोपली.
मला वाटे, नाव ठेवताना कुणाचा तरी घोटाळा झाला.
आज चाळीस वर्षांनी हिशेब लागला:
यातलं एक पोर भरतं साधारण दीड गुंज.

"एवढं महाग का?" मी उगाच विचारलं.
लाइल म्हणाला, "हौदात जन्मत नाहीत.
कुठल्याशा समुद्रात जन्मतात, तिथं कुणी बघितलेलं नाही."
व्हर्नानं हातमोजे काढले. बोटं उकडलेल्या बिटासारखी.
"अकरा रात्री बसले. नऊ रात्री जाळ्यात पानं आली."
थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना,
"लायसन्सची सोडत निघते. सात वर्षं नाव टाकत होतो.
लागलं तेव्हा तो नव्हता."

लाइलनं चाळणी निथळली. थांबला. परत निथळली.
"पाणी आहे, व्हर्ना."
"पाणी नाही. ती ओलीच असतात."
आमच्याकडे मातीमोल गेलेल्या वस्तूला
पाण्याच्या मोलानं गेली म्हणतात.
इथं दोन चमचे पाणी म्हणजे चाळीस डॉलर.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे.
काटा खरा होता.

दुकानाबाहेरच्या गटारात पहाटे झारेकरी बसायचे,
आमच्या केरातली माती धूत.
मी हटकलं, तर वडील म्हणाले, "असू दे.
त्यांना सोनं आपल्यापेक्षा महाग पडतं.
भाव मात्र तोच मिळतो."

व्हर्नानं कार्ड ओढलं. सव्वा पौंड.
जाता जाता मी विचारलं, "तुम्ही कधी खाल्लेत?"
"वाम? छे. मला नाही आवडत."
खिडकीतून दिसली, ट्रकमध्ये दिवा लावून
डब्यातला स्वस्त ट्यूना पावाला फासताना.

चाळणीच्या कडेला एक पोर चिकटून राहिलं होतं.
मी ते काट्यावर ठेवलं.
शून्य.
इतक्या बारीक गोष्टीसाठी हा काटा नाही,
आणि काटा बरोबर आहे, असं मीच आत्ता सही करून दिलं होतं.

ओल्या तळव्यात घेऊन मागच्या दारानं गेले,
लाकडांच्या ढिगावरून, निसरड्या दगडांवरून.
सोडलं तेव्हा पाण्यात पाणी गेलं,
खसखशीचे दोन दाणे क्षणभर मागे राहिले.

मग गाडीत बसून अहवाल पुरा केला.
वेळ: दोन चाळीस.
फरक: शून्य.